देवीच्या टोचणीपासून पाळीच्या नोंदीपर्यंत

इ. स. १८०२ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर जी लस टोचली गेली, ती हिंदुस्थानच्या भूमीवर गुणास आलेली देवीची पहिली लस होय. व्हिएन्नाच्या डॉ. जाँ द कारो याने लसद्रवात भिजविलेला कापूस काचेच्या तबकड्यांत बंद करून, त्यावर मेणाची पुटे चढवून तो बगदादेस धाडला. तेथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई असा त्या द्रवाचा प्रवास झाला. वाटेत तो मुलांच्या दंडांवरून दंडांवर जिवंत ठेवावा लागला. आणि मुंबईत ज्या ज्या मुलांस तो टोचला त्यांपैकी या एकाच मुलीच्या दंडावर अपेक्षित फोड उमटला. तिच्या त्या फोडातून पुढे आणखी पाच मुलांस लस देण्यात आली आणि तेथून ती मद्रास, म्हैसूर अशी दक्षिणेत पसरत गेली. त्याआधी सहा वर्षे, १७९६ साली, एडवर्ड जेन्नरने आपल्या पहिल्या प्रयोगासाठी द्रव घेतला होता तो सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील फोडातून. लसीकरणाच्या इतिहासाच्या अगदी आरंभी अशा रीतीने स्त्रीदेह दोनदा भेटतो. तथापि या देहाचा जो मासिक धर्म आहे, त्याचा आणि लशीचा काही संबंध आहे काय, हा साधा प्रश्न सरकारी दप्तरात किंवा वैद्यकाच्या ग्रंथात मांडला जाण्यास पुढे शंभरांहून अधिक वर्षे गेली, आणि त्याचे पद्धतशीर उत्तर शोधण्यास आणखी तितकीच. हा विलंब का झाला, याची हकीकत पाहण्यासारखी आहे.

आरंभीच्या काळात तो प्रश्न निघाला नाही यात नवल नव्हते. देवीची लस मुख्यत्वे लहान मुलांस टोचली जाई. मुंबई इलाख्यात १८२७ पासून फिरत्या टोचणाऱ्यांची जी व्यवस्था सुरू झाली आणि पुढे ‘मुंबई पद्धती’ म्हणून इतर इलाख्यांतही ओळखली गेली, तिच्यात टोचणारा गावोगाव हिंडे, पाटील-कुलकर्ण्यांच्या मदतीने मुले गोळा करी, आणि आठव्या दिवशी परत येऊन फोड नीट धरला की नाही हे पाही; तोच फोड फोडून त्यातील द्रव पुढच्या मुलास देई. मुलाचे नाव, वय, गाव, लस लागली किंवा नाही, एवढ्या तपशिलावर त्या नोंदवहीचा कारभार चाले. या आठव्या दिवसाची धास्ती मात्र मुलाच्या आईस मोठी असे. आपल्या लेकराच्या दंडातला द्रव परक्याच्या, कदाचित परजातीच्या, मुलास जावा आणि परक्याच्या दंडातला आपल्यास यावा, हे तिला रुचत नसे. म्हणून कोणी लस ओली असतानाच धुवून टाकी, तर कोणी आठव्या दिवशी पोर घेऊन माहेरची वाट धरी. पुढे वासरांच्या अंगावर लस तयार करण्याची रीत आली, बेळगावास त्यासाठी खास संस्था उभी राहिली, आणि दंडावरून दंडावर देण्याचा हा प्रकार मागे पडला. पण मध्यंतरी १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात टोचणी सक्तीची झालेली होती, आणि सक्तीच्या गोष्टीविषयी आईचे मत विचारण्याची प्रथा कोणत्याच सरकारात नसते.

घरात देवी आल्या म्हणजे जे नियम पाळले जात, त्यांची आठवण अजून जुन्या पिढीच्या बायकांस आहे. दारास कडुनिंबाचे डहाळे बांधावयाचे, घरात फोडणी द्यावयाची नाही, रोग्याजवळ मोठ्याने बोलावयाचे नाही, आणि सर्वांत कडक नियम म्हणजे विटाळशीची सावलीही रोग्यावर पडू द्यावयाची नाही. देवी कोपते, फोड चिडतात, डोळा जातो, असा समज होता. आणि रोग्याचा डोळा खरोखरच गेला की घरातील कोणत्या सुनेने आपली अडचण लपविली याची चौकशी सुरू होई. लस टोचलेल्या मुलाच्या दंडावरील फोडासही अनेक घरांतून तोच मान मिळे, कारण टोचणाऱ्याने आणलेली ती देखील एका अर्थी देवीच. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्त्रीच्या पाळीचा परिणाम रोगावर, लशीवर, लोणच्यावर, पापडावर, तुळशीवर होतो हे सर्वांना मान्य होते. परंतु रोगाचा किंवा लशीचा परिणाम स्त्रीच्या पाळीवर होत असेल काय, असा उलटा विचार कोणाच्या मनात आला नाही. पाळी ही दोष देणारी गोष्ट मानली गेली. तिलाही काही बाधा होऊ शकते, हे गृहीतच धरले गेले नाही. वस्तुतः देवीच्या रोगाने गर्भवती स्त्रियांची जी दैना होई, तिच्याइतका उघड पुरावा दुसरा नव्हता: गर्भ पडे, रक्तस्राव आवरत नसे, आणि मृत्यूचे प्रमाण इतर रोग्यांहून पुष्कळ अधिक असे. तो सारा हिशेब देवीच्या कोपाच्या खाती जमा होई.

प्रौढ स्त्रियांना सुई टोचण्याचा प्रसंग मोठ्या प्रमाणावर आला तो प्लेगाच्या काळात. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे निदान केले, ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस आला, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्रयोग करून त्याने १८९७ च्या १० जानेवारीस आपणच तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात ती कैद्यांना देऊन पाहिली गेली. मेलेल्या जंतूंची ही लस चांगलीच तापदायक होती. टोचल्यावर ज्वर चढे, दंड सुजे, एक-दोन दिवस अंथरुण धरावे लागे, आणि हाफकिन स्वतः हे लपवीत नसे. उलट ज्वर येणे हे लस लागल्याचे लक्षण असे तो मानी. म्हणजे दुष्परिणामांची नोंद करण्याची दृष्टी त्या काळी नव्हती असे नाही. ताप किती चढला, सूज किती आली, काम किती दिवस सुटले, हे सारे लिहिले जाई. जे पुरुषाच्या देहावर दिसे ते लिहिले जाई.

आणि ज्या सरकारने त्याच वर्षी स्त्रियांच्या देहाची एवढी झडती घेतली, त्याने त्यांना विचारले मात्र काहीच नाही. साथरोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला आणि त्याच्या बळावर आगगाडीच्या फलाटांवर, पुण्याच्या पेठांतून, घरांच्या माजघरांतून काखेतील आणि जांघेतील गाठी तपासण्याचे काम सुरू झाले. गोऱ्या सोजिरांच्या देखत बायकांची तपासणी होते ही तक्रार वर्तमानपत्रांतून उठली. पंडिता रमाबाईंसारख्या, सरकारशी उगाच भांडण उकरून न काढणाऱ्या बाईंनीही ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची काय अवस्था होते याविषयी लिहिले, आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या बाजूने ते नाकारण्यात आले. २२ जूनच्या रात्री प्लेग-अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर सर्वांचे लक्ष साहजिकच चापेकरांकडे गेले आणि बायकांची कैफियत मागे पडली. आमच्या इतिहासलेखनातही ती तशीच मागे राहिली आहे; रँडच्या गाडीचा मार्ग आम्हांस तपशीलवार ठाऊक असतो, माजघरातील बाईने त्या दिवशी काय सोसले ते नाही.

अशा वातावरणात लशीविषयी जे जे बोलले गेले ते अफवेच्या रूपाने बोलले गेले. त्या काळच्या पंजाबातील अधिकाऱ्यांनी लोकांच्या तोंडच्या काही गोष्टी टिपून ठेवल्या आहेत: सुई हात-हातभर लांब असते, टोचताक्षणी माणूस मरतो, पुरुषांचे पुरुषत्व जाते आणि बायका वांझ होतात. सरकारी कागदात या गोष्टी रयतेच्या अज्ञानाचा मासला म्हणून येतात. त्या खोट्या होत्याच. पण त्यांतील शेवटच्या गोष्टीत जी भीती होती तिचा विषय खरा होता, आणि तो विषय सरळ शब्दांत बोलण्यास बाईजवळ दुसरी जागा नव्हती. डॉक्टर पुरुष, तोही बहुधा परधर्मी आणि परभाषी. घरात सासू आणि दीर. अशा स्थितीत ‘टोचल्यापासून मला दोन महिने दूर बसावे लागले नाही’ हे वाक्य उच्चारले जावे तरी कोणापुढे? १८८६ साली मुंबईत केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले, तेथे एडिथ पीची-फिप्सनसारख्या स्त्री-डॉक्टर होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी, ज्यांनी आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर आपला प्रबंध लिहिला होता, त्या पुढील वर्षी पुण्यास क्षयाने गेल्या. हा प्रश्न विचारू शकणारी माणसे नुकती कोठे तयार होत होती.

१९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे लस टोचलेल्या १०७ जणांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले, आणि ती बाटली मुंबईहून निघताना निर्दोष होती, दोष टोचणीच्या जागी बाटली उघडताना शिरला, हे मान्य होऊन त्याच्यावरील डाग पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले. या प्रकरणाने लशीच्या दुष्परिणामांची चौकशी कशी करावी याचा एक धडा घालून दिला खरा. पण त्याचबरोबर कारभाऱ्यांच्या मनात एक भयही घर करून बसले, की दुष्परिणामाचा उच्चार म्हणजेच लशीला अपशकुन. ते भय अद्याप गेलेले नाही.

लस आणि पाळी यांचा संबंध प्रथम तपासला गेला तो अमेरिकेत, १९१३ साली. विषमज्वराची लस तेव्हा सैनिकांबरोबर रुग्णालयांतील परिचारिकांनाही दिली जात होती, आणि त्या वर्षी ए. आर. लँब यांनी अंतर्गत वैद्यकाच्या एका नियतकालिकात या लशीचा मासिक पाळीवर काय परिणाम होतो याविषयी स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला: कोणाची पाळी चुकली, कोणाची लवकर आली, कोणाची लांबली, कोणास स्राव अधिक झाला, कोणास वेदना. हा प्रश्न परिचारिकांच्या बाबतीत विचारला गेला, याचे कारण उघड आहे. त्या एका ठिकाणी राहात, त्यांच्या रजेचा हिशेब ठेवला जाई, आणि त्यांना आपल्या देहाविषयी डॉक्टरांशी बोलण्याचा संकोच इतरांहून कमी होता. पण तो निबंध पुढे कोणाच्या कामी आला नाही. पुढील वर्षी युद्ध पेटले, लशींचा सारा व्याप पलटणींकडे वळला, आणि पलटणीत पाळीचा प्रश्न नव्हता.

आपल्याकडे या काळात या विषयास थोडीफार वाट मिळाली असेल तर ती र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात. १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले आणि दंड सोसून, हे मासिक चालले, आणि ज्या गोष्टी घरात कुजबुजीनेही बोलल्या जात नव्हत्या त्या तेथे छापून येत. लशीचा प्रश्न तेथे ठळकपणे आला असे मला म्हणावयाचे नाही. परंतु स्त्रीची पाळी ही शरीरव्यापारातील एक सामान्य गोष्ट आहे, विटाळ नव्हे, हे मराठीत निःसंकोचपणे लिहिण्याची सवय या एका हट्टी माणसाने लावली. त्याच काळात शेकडो घरांतून ऋषिपंचमीचे व्रत, पाळीत घडलेल्या स्पर्शदोषाचे पापक्षालन म्हणून, निष्ठेने चालू होते, आणि ती घरे हे मासिक वाचणारी नव्हती, हेही खरे.

पुढे औषधांच्या चाचण्या शास्त्रशुद्ध झाल्या, पण त्यांचा कल बायकांना दूर ठेवण्याकडेच राहिला. गर्भावर घोर परिणाम करणाऱ्या थॅलिडोमाइडच्या अनुभवानंतर अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने १९७७ साली गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांना प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याचा दंडक घातला. तो उलटण्यास १९९३ साल यावे लागले. हेतू संरक्षणाचा होता. परंतु ज्या देहावर औषध तपासले नाही त्याच देहास ते पुढे द्यावयाचे, ही विसंगती त्यातून निघाली. चाचणीत स्त्रिया आल्या तरी त्यांच्या शेवटच्या पाळीची तारीख विचारली जाई ती गर्भ राहिलेला नाही एवढी खात्री करून घेण्यापुरती. लशीनंतरची पाळी कशी आली, हा रकाना कागदावर नसे.

१६ जानेवारी २०२१ रोजी भारतात करोनाची लस देणे सुरू झाले तेव्हा प्रथम रांगेत उभ्या राहिलेल्यांत परिचारिका, आशा आणि अंगणवाडीच्या बायका मोठ्या संख्येने होत्या. बहुतेकींच्या दंडात गेली ती पुण्याच्या सीरम संस्थेत तयार झालेली कोविशील्ड. एप्रिल महिन्यात, अठरा वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी खुली होण्याच्या तोंडावर, घराघरांतील मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला: पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस मुलींनी लस घेऊ नये, त्या दिवसांत प्रतिकारशक्ती कमी असते. २४ एप्रिलला केंद्र सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाने तो मजकूर खोटा असल्याचे जाहीर केले. तो खोटा होताच. तरीही मराठी घरात वाढलेल्या कोणासही त्या पाच दिवसांची ओळख पटावी: चौथ्या दिवशी न्हाऊन पाचव्या दिवशी देवकार्यास मोकळे होण्याचे जुने गणितच येथे प्रतिकारशक्तीचे नाव घेऊन आले होते. पूर्वी विटाळशीने देवीच्या रोग्यापासून दूर राहावयाचे, आता लशीच्या केंद्रापासून.

सरकारी इन्काराने अफवेचे निरसन केले, पण बायकांनी विचारलेला प्रश्न निराळा होता. पाळीत लस घ्यावी काय, याचे उत्तर ‘अवश्य घ्यावी’ असे मिळाले. लस घेतल्यावर माझी पाळी आठ दिवस लांबली, हे कशाने, याला त्या पत्रकात उत्तर नव्हते. अनेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ टांगलेले असते. त्यावर दुधाचे रतीब, गॅसच्या टाकीची तारीख, आणि एखाद्या कोपऱ्यात, दुसऱ्या कोणास उमजू नये असा, पेन्सिलीचा एक ठिपका. महिनोन्महिने चालत आलेल्या ठिपक्यांची ओळ त्या वर्षी काही घरांत सरकली, आणि ज्या बाईने ती ओळ ठेवली होती तिला ते कळले. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मानसिक ताण असेल’ एवढे ऐकून पुष्कळजणी परत आल्या. त्या वर्षी ताण कोणास नव्हता? म्हणूनच ते उत्तर चुकीचे नव्हते आणि पुरेसेही नव्हते.

शोध लागला तो अशाच घरगुती नोंदींतून. अमेरिकेत केट क्लॅन्सी आणि कॅथरिन ली या मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी, स्वतःसच लशीनंतर निराळा अनुभव आल्यावर, बायकांना सरळ प्रश्न विचारले; २०२२ च्या जुलैत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत नियमित पाळी असणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनी स्राव अधिक झाल्याचे सांगितले होते. ज्यांना काही जाणवले त्याच उत्तर देण्यास पुढे येतात, म्हणून हा आकडा साऱ्या स्त्रीजातीवर लादता येत नाही, असे त्यांनी स्वतःच बजाविले. याहून काटेकोर काम ॲलिसन एडेलमन यांचे. पाळीची तारीख नोंदविण्याच्या एका मोबाइल-साधनात ज्या बायका आधीपासूनच आपली नोंद ठेवीत होत्या, अशा ३,९५९ जणींच्या तारखा त्यांनी तपासल्या. त्यांत २,४०३ लस घेतलेल्या आणि १,५५६ न घेतलेल्या. लशीनंतरचे चक्र सरासरीने एक दिवसाहूनही कमी लांबले. एकाच चक्रात दोन्ही मात्रा घेतलेल्या थोड्या जणींचे सुमारे दोन दिवसांनी. आणि पुढच्या चक्रांत ते पूर्वपदावर आले. वीस हजारांच्या आसपास बायकांच्या नोंदींवर त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही हेच दिसले.

यातले कारण फार गूढ नाही. पाळीचे चक्र मेंदूतील ग्रंथी आणि बीजकोश यांच्या संदेशांवर चालते, आणि मोठा ताप, उपास, दगदग यांनी ते जसे एखादे वेळी मागेपुढे होते, तसेच लशीने जागी झालेली प्रतिकारयंत्रणा त्याला थोडा धक्का देऊ शकते. शिवाय गर्भाशयाच्या अस्तरात त्याच यंत्रणेच्या पेशी वस्तीला असतात, त्यांच्या हालचालीने स्राव कमीअधिक होणे संभवते. चक्रात आठ दिवसांपर्यंतचा फरक वैद्यक स्वाभाविकच समजते. वांझपणाशी याचा काही संबंध आढळला नाही, आणि करोनाच्या रोगापासून गर्भवतीला असलेला धोका लशीच्या या परिणामाहून कितीतरी मोठा होता. २ जुलै २०२१ पासून भारतात गर्भवतींनाही लस देण्यास परवानगी मिळाली ती याच विचाराने. म्हणजे बायका जे सांगत होत्या ते खरे होते, आणि भिण्याजोगे नव्हते. ही दोन वाक्ये एका दमात बोलण्याचे धैर्य कारभाऱ्यांना आधी झाले असते, तर अफवेला एवढे रान मोकळे मिळाले नसते, असे मला वाटते.

२०२२ च्या ऑक्टोबरात युरोपीय औषध-प्रशासनाच्या समितीने फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींच्या माहितीपत्रकात अतिरिक्त मासिक रक्तस्राव हा दुष्परिणाम दाखल करण्याची शिफारस केली. तो किती जणींना होतो या रकान्यात ‘अज्ञात’ असा शेरा होता, कारण मुळातल्या चाचण्यांत तो मोजलेलाच नव्हता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात पुण्याच्या सीरम संस्थेची सर्व्हाव्हॅक ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस जाहीर झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीतील अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना अशी लस देण्यास उत्तेजन देण्याचे केंद्र सरकारने सांगितले. पाळी सुरू होण्याचे वय नेमके हेच. पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असते. एक महिना येते, दोन महिने येत नाही, कधी स्राव फार होतो. लस घेतलेल्या मुलीच्या आईने यातील काहीही पाहिले म्हणजे ती शाळेत किंवा आरोग्यकेंद्रात येऊन विचारणार, आणि तिला उत्तर द्यावयाचे असेल तर लशीच्या आधी त्या मुलीची पाळी सुरू झाली होती काय आणि शेवटची केव्हा आली, एवढ्या दोन गोष्टी कोणीतरी अगोदर लिहून ठेवलेल्या असाव्या लागतील.